पाय पुन्हा उगवतो, म्हणून प्राणी चिवट ठरत नाही

ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा सॅलमँडर जातीचा उभयचर विकताना एक वाक्य हमखास ऐकवले जाते: हा प्राणी फार चिवट, पाय तुटला तरी नवा उगवतो. घेणाराही तेच वाक्य घरी येऊन सांगतो आणि घरातल्यांच्या शंका तिथेच मिटतात. २०२१ मध्ये माइनक्राफ्ट या खेळात हा प्राणी आला, त्याच वर्षी मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नव्या नोटेवर त्याचे चित्र झळकले, आणि पिसांसारख्या कल्ल्यांचा, हसऱ्या तोंडाचा हा जीव जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही तो विकला जाऊ लागला आणि त्याच्यासोबत ‘नवख्यांसाठी उत्तम’ हा शिक्काही आला. माझे म्हणणे असे की हा शिक्का चुकीचा आहे, आणि ज्या युक्तिवादावर तो मारला जातो तो तर मुळातच उलटा आहे. अवयव पुन्हा उगवण्याची ताकद जखम भरून काढते. घरातल्या टाकीत या प्राण्याचा जीव जातो तो सहसा जखमेने जात नाही, पाण्याने जातो. आणि आपल्या हवामानात पहिला धोका असतो तो गरम पाण्याचा.

ही ताकद खरी आहे आणि विलक्षण आहे, याबद्दल वाद नाही. पाय, शेपूट, मज्जारज्जू, एवढेच काय हृदयाचा आणि मेंदूचाही काही भाग ॲक्सोलॉटल नव्याने घडवू शकतो, तोही व्रण न ठेवता. दीडशेहून अधिक वर्षे प्रयोगशाळा त्याला सांभाळत आल्या त्यामागे हे मोठे कारण आहे. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो माणसाच्या जवळजवळ दहापट, सुमारे ३२ अब्ज अक्षरांचा निघाला. पण हा पाय उगवतो कसा, ते पाहिले की चिवटपणाचा दावा ढासळू लागतो. जखमेवर कातडीचा पातळ थर चढतो, त्याखाली पेशींचा एक कोंब जमतो, त्याला मज्जातंतूंची साथ लागते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा जागेवर असावी लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी काढून टाकल्या, तेव्हा ॲक्सोलॉटलला पाय फुटला नाही. आपल्याला पडतो तसा व्रण पडला. एकाच जागी पुन्हा पुन्हा कापलेला पाय पुढे नीट उगवेनासा होतो, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे नवा पाय हे निरोगी शरीराचे फळ आहे. ते आरोग्याच्या जागी वापरता येत नाही. पिल्लांच्या टाकीत अर्धवट उगवलेला पाय दाखवून ‘बघा, कसा चिवट आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्या पायावरून कळते ते वेगळेच: पिल्ले दाटीवाटीने ठेवली होती, भुकेली होती आणि एकमेकांना चावत होती.

या प्राण्याचे घर एकच, मेक्सिको शहराच्या दक्षिणेला असलेले सोचिमिल्कोचे कालवे. पूर्वी शेजारच्या चाल्को तळ्यातही तो होता. ते तळे पुढे उपसून कोरडे करण्यात आले. हे सगळे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे ॲक्सोलॉटलचे पाणी कळसूबाईच्या माथ्याहूनही जवळजवळ सहाशे मीटर वर साचलेले आहे. तिथल्या पाण्याचे तापमान सहसा २० अंश सेल्सियसच्या वर चढत नाही आणि हिवाळ्यात ते सहा-सात अंशांपर्यंत उतरते. अनेक सॅलमँडर काही महिन्यांत कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा मात्र आयुष्यभर कल्ले सांभाळून पाण्यातच राहतो. पाणी नकोसे झाले तर बाहेर पडून ओलसर दगडाखाली आसरा घेण्याची सोय त्याला नाही. जे पाणी मिळेल त्यातच त्याला श्वास घ्यायचा, त्यातच खायचे आणि त्यातच घाण करायची. म्हणून त्याची निगा म्हणजे आधी पाण्याची निगा. १६ ते १८ अंशांचे पाणी त्याला मानवते. वीसच्या पुढे सावध व्हावे लागते आणि चोवीसच्या पुढे त्याच्या शरीरावर उघड ताण येतो. मे महिन्यात पुण्याच्या फ्लॅटमधल्या साध्या टाकीचे पाणी दुपारी तीस अंशांकडे झुकते. मुंबईत रात्रीही ते फारसे उतरत नाही. नागपूरबद्दल तर बोलायलाच नको.

गरम पाणी नेमके काय करते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘एअर पंप लावला की झाले’ हा सल्ला इथूनच निघतो. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. यावर एखादा जाणकार म्हणेल की सोचिमिल्कोच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तिथल्या थंड पाण्यातही प्राणवायू बेताचाच असतो. शिवाय हा प्राणी वर येऊन हवेचा घोट घेतो. हे अगदी बरोबर आहे. म्हणूनच खरी अडचण पुरवठ्यापेक्षा मागणीची आहे. थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीरातला कारभार दहा अंशांनी पाणी तापले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालू लागतो. त्याची प्राणवायूची गरज वाढते, साठवलेली शक्ती लवकर संपते, आणि त्याच वेळी तो खाणे टाकतो. एअर पंप पाण्यात प्राणवायू भरू शकेल, पण त्या शरीराची धावपळ थांबवू शकणार नाही. दुसरी गोष्ट अमोनियाची. या प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि गरम पाण्यात त्याचा विषारी हिस्सा वाढतो. पीएच ८ असेल तर १५ अंशांना एकूण अमोनियापैकी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास विषारी रूपात असतो, ३० अंशांना साडेसात टक्के. आपल्याकडे कित्येक सोसायट्यांत बोअरचे जड पाणी येते आणि त्याचा पीएच आठच्या जवळ असतो. जडपणाचा ॲक्सोलॉटलला त्रास नाही, उलट तो त्याला मानवतो. पण त्याच पाण्यात अमोनिया साचला आणि वर ते तापले, तर थोड्या घाणीचेही विष होते.

ही पडझड टाकीकडे पाहणाऱ्याला दिसते, पाहायचे कुठे ते कळले तर. आधी कल्ल्यांचे दांडे पुढच्या बाजूला वळू लागतात. शेपटीचे टोक आकड्यासारखे मुडपते. काल झडप घालून ओढलेले गांडूळ आज नाकासमोर वळवळले तरी तो तोंड उघडत नाही. मग कल्ल्यांवरच्या झालरी विरळ होतात आणि त्यांच्यावर कापसाच्या पुंजक्यांसारखी पांढरी बुरशी चढते. ही बुरशी पाण्यात एरवीही असते. अशक्त शरीर मिळाले की तिथे ती घर करते. या सगळ्यात चेहरा मात्र हसराच राहतो, कारण ते हसू जबड्याच्या ठेवणीचे आहे, मनाच्या स्थितीचे नाही. या चेहऱ्याने माणसांची फार दिशाभूल केली आहे.

‘आमचा तर २८ अंशांत दोन वर्षे मजेत आहे’ हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे. नीट सांभाळलेला ॲक्सोलॉटल दहा ते पंधरा वर्षे जगतो. त्या मानाने दोन वर्षे हे त्याचे उमेदीचे वय, तेव्हा त्याने तग धरला म्हणून पाणी योग्य होते असे सिद्ध होत नाही. शिवाय थंड रक्ताचे प्राणी झपकन मरत नाहीत; महिनोन्महिने झिजतात आणि एके दिवशी ‘अचानक’ मेलेले आढळतात. ज्यांचा जगला ते अभिमानाने सांगतात. ज्यांचा पहिल्याच उन्हाळ्यात गेला ते पुन्हा त्या विषयावर बोलत नाहीत, बरेचसे ‘आधीच आजारी असेल’ म्हणून सोडून देतात. उरलेल्यांच्या साक्षीवर नियम बांधता येत नाही. आणि ‘मजेत’ कशावरून? पडून राहणे हा त्याचा स्वभावच आहे, म्हणून त्याचा सुस्तपणा आणि त्याचे दुखणे नवख्या डोळ्याला सारखेच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला असतो: हे प्राणी काही मेक्सिकोतून पकडून आणलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढले आहेत, तेव्हा त्यांना आता उष्णतेची सवय झाली असणार. यातले पहिले अर्धे खरे आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोतून चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले पाच नर आणि एक मादी प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे आली, आणि त्यांची संतती युरोपभरच्या प्रयोगशाळांत पसरली. आज जगभर टाक्यांत असलेल्या बहुतेकांचे मूळ तिथे जाते. पण ही दीडशे वर्षे गेली कुठे? पॅरिसमध्ये, जर्मनीत, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या तापमान राखलेल्या खोल्यांत. तिथे त्यांना मुद्दाम थंड पाण्यातच ठेवले जात होते. उष्णता सोसणारे जगावेत आणि न सोसणारे मरावेत अशी निवड या वंशावर कधी झालीच नाही. निवड झाली ती रंगांची. १९६२ मध्ये तर रंगहीनतेचे जनुक आणण्यासाठी त्यांचा टायगर सॅलमँडरशी संकर केला गेला, आणि आज दुकानात दिसणारे सोनेरी ॲक्सोलॉटल त्या संकराचा वारसा सांगतात. बंदिवास आणि सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारात वाढलेल्या पिल्लाला आपण आपले मानतो, पण त्याच्या शरीरातली रसायने आपल्या घराच्या पत्त्याप्रमाणे बदलत नाहीत.

मग म्हणतात, गरम होते तर बर्फाची बाटली टाकू. हा सल्ला इतका रुजला आहे की त्याचा हिशेब करून पाहणे भाग आहे. १०० लिटर पाणी एका अंशाने गार करायला सुमारे ४१८ किलोजूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळून २० अंशांपर्यंत येताना जवळजवळ तेवढीच उष्णता शोषतो. म्हणजे एक लिटरची गोठवलेली बाटली १०० लिटरच्या टाकीला फार तर एक अंश खाली आणते. तिसावरून अठरावर यायला अशा डझनभर बाटल्या हव्यात, आणि खोलीची उष्णता काचेतून परत आत येऊ लागली की काही तासांनी पुन्हा तितक्याच. प्रत्यक्षात घरी दोन-तीन बाटल्या पडतात, दुपारी पाणी थोडे उतरते, रात्री पुन्हा चढते, आणि प्राण्याला उष्णतेसोबत रोजची चढउतारही सोसावी लागते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-चार अंशांचा फरक पडतो. कोरड्या हवेत हा उपाय बरा चालतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, जिथे गरज जास्त, तिथेच तो लंगडा पडतो. एसी चोवीसवर ठेवला तर पाणी चोवीसच्या आसपास राहते, म्हणजे नेमके धोक्याच्या रेषेवर. उरतो चिलर, आणि आपल्या बहुतेक शहरांत वर्षातले बरेच महिने त्याला पर्याय नाही. तो घेतानाही हे ध्यानात ठेवावे की पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीत सोडतो, म्हणून बंद कपाटात कोंडला तर काम करत नाही. आणि त्याचा पंप जोरात पाणी फेकतो, म्हणून परतीची नळी काचेकडे वळवून प्रवाह मोडावा लागतो, कारण संथ पाण्यातल्या या जीवाला सततचा प्रवाहही ताण देतो.

तापमानाइतकेच दुर्लक्ष टाकी ‘सायकल’ करण्याकडे होते. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नसतात; ते फिल्टरमध्ये जमायला चार ते आठ आठवडे लागतात. प्राणी आणि टाकी एकाच दिवशी घरी आणणे म्हणजे त्या आठवड्यांतले विष त्याच्या अंगावर घालणे. शिवाय हे जिवाणू थंड पाण्यात सावकाश वाढतात, म्हणून टाकी आधी कोमट पाण्यात, प्राण्याविना तयार करावी, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागल्यावर पाणी गार करावे आणि मगच त्याला आणावे. नंतर दर आठवड्याला क्लोरीन काढलेल्या पाण्याने काही भाग बदलायचा. सगळी टाकी उपसून, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून ‘स्वच्छ’ केली तर ते जिवाणूच वाहून जातात. तळाशी खडी नको, कारण हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढतो आणि त्यासोबत गिळलेला खडा आतड्यात अडकतो. उघडा तळ किंवा मोठ्या प्राण्यासाठी अगदी बारीक वाळू चालते. पापण्या नसल्यामुळे झगझगीत दिवा नको, लपायला जागा हवी. आणि माशांची औषधे डोळे मिटून ओतू नयेत. त्याच्या कातडीतून सगळे आत जाते, आणि तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे घातक ठरू शकतात. यातले प्रत्येक काम साधे आहे, पण ‘चिवट आहे’ या एका समजुतीने ती सगळी अनावश्यक ठरवली जातात. माझा राग त्या समजुतीवर आहे तो यासाठी.

यावर खरा टोचणारा आक्षेप असा येतो की, मग हा शौक फक्त पैसेवाल्यांनीच करायचा का? चिलर आणि त्याचे वीजबिल धरले तर खर्च प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो, हे मान्यच आहे. पण तो खर्च कोणी वरून लादलेला नाही. तो या प्राण्याच्या शरीरात आहे. तो आपण भरला नाही तर माफ होत नाही, प्राणी भरतो. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पाण्यातला जीव सांभाळण्याचा आनंद मिळू नये असे कोण म्हणेल? गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे आपल्या खोलीच्या तापमानात सुखाने राहतात, वाढतात, पिल्ले देतात. त्यांच्यावर जबाबदारी शिकता येते आणि तीही जीव न गमावता. परवडत नसलेला प्राणी न घेणे यात कसलाही कमीपणा नाही.

संवर्धनाचा मुद्दा थोडक्यात. रानातला ॲक्सोलॉटल संपत चालला आहे हे खरे. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेले हे प्राणी २०१४ पर्यंत पस्तिसाच्या आसपास उरले, असे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुईस साम्ब्रानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणनांतून दिसले. सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प, तिलापिया मासे ही त्याची मोठी कारणे. त्यावरचा उपाय तिथेच चालू आहे: चिनांपा या पारंपरिक पाणशेतीच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन मासे अडवलेले, वनस्पतींनी गाळलेले कालवे राखणे. पुण्यातल्या टाकीतला संकरित सोनेरी प्राणी त्या कालव्यात कधीच सोडता येणार नाही. ‘आम्ही प्रजाती वाचवतो आहोत’ हे समाधान त्यामुळे घेऊ नये. शिवाय ॲक्सोलॉटल वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंद करणे पाळणाऱ्याला बंधनकारक आहे. विक्रेता कागद देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ज्यांच्या घरी हा प्राणी आधीच आहे, त्यांना आज करण्यासारखे बरेच आहे. टाकीत थर्मामीटर लावून दुपारी चारचा आकडा आठवडाभर लिहून काढा. तो बावीसच्या वर असेल तर चिलरची सोय होईपर्यंत टाकी घरातल्या सर्वांत गार, उन्हापासून दूरच्या खोलीत हलवा, बाजूच्या काचांना थर्माकोल लावा, पंखा सोडा, खाणे कमी करा आणि उरलेले लगेच काढा. अमोनिया रोज तपासा, बदलायचे पाणी आधी गार करून ठेवा. कल्ल्यांवर पांढरे पुंजके दिसले तर उभयचरांची माहिती असलेला पशुवैद्य शोधा. दुकानातली औषधाची बाटली आणू नका. आणि एवढे जमणार नाही असे ठरले, तर थंड पाण्याची व्यवस्था असलेल्या पाळणाऱ्याकडे तो नोंदीसह सोपवा. ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत मात्र सोडू नका: तिथे तो जगणार नाही, आणि त्याच्या अंगावरचे रोग सह्याद्रीतल्या आपल्या बेडकांपर्यंत पोहोचू शकतात.